जुन्या जिनसांचा फावल्या वेळचा व्यापार

घोडबंदरात राहून, नोकरी सांभाळून, मुंबईच्या चोरबाजारात शुक्रवारी पहाटे पारखून घेतलेले पितळी दिवे जो गृहस्थ ओएलएक्ससारख्या संकेतस्थळावर विकू इच्छितो, त्याने वस्तूच्या सौंदर्याआधी तिच्या मालकीची रुजुवात करावी. कारण चोरीचा माल, तसे मानण्यास सबळ कारण असताना, अप्रामाणिकपणे स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये गुन्हा आहे. (त्या बाजारात पावती मागणाराच संशयास पात्र ठरतो, ही गोष्ट अलाहिदा!) व्यापार वाढून वस्तू व सेवा कराची नोंदणी झालीच, तर वापरलेल्या मालास सवलत आहे: खरेदीवरील कराची वजावट न घेतल्यास आकारणी केवळ फरकावर होते; ३०० रुपयांचा दिवा ५०० रुपयांस गेला, तर २०० रुपयांवर.