पिंजरा कशासाठी?

‘ब्लडस्पोर्ट’ हा १९८८ सालचा अमेरिकी मारधाडपट संपताना पडद्यावर काही ओळी येतात. नायक फ्रँक ड्यूक्स ही खरी व्यक्ती आहे, १९७५ ते १९८० या काळात तो ३२९ लढती लढला, अजिंक्य राहून निवृत्त झाला आणि एकाच स्पर्धेत त्याने सलग ५६ प्रतिस्पर्ध्यांना बेशुद्ध पाडले, असे त्या सांगतात.

या ५६ आकड्यावर जरा थांबू. चित्रपटातली स्पर्धा बाद पद्धतीची आहे. अशा स्पर्धेत प्रत्येक फेरीत निम्मे खेळाडू घरी जातात. उलट्या दिशेने मोजत गेले की बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट आठवते. एका फेरीला दोन खेळाडू, दोन फेऱ्यांना चार, दहा फेऱ्यांना १,०२४. तेहतीस फेऱ्यांच्या स्पर्धेला आजच्या जगातली सगळी माणसे, तान्ह्या बाळांसकट, पुरणार नाहीत. मग छप्पन्न फेऱ्यांचे काय? त्याच वर्षी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ड्यूक्स यांच्या दाव्यांची चौकशी केली आणि विजयाचा पुरावा म्हणून दाखवला जाणारा चषक कॅलिफोर्नियातल्याच एका दुकानातून घेतल्याची पावती असल्याचे छापले. ड्यूक्स यांनी हे आरोप फेटाळले. पटकथाकार शेल्डन लेटिच यांनी मात्र पुढे मुलाखतींतून आपला या कथेवरचा विश्वास उडाल्याचे सांगितले.

तरीही चित्रपट चालला. सुमारे वीस लाख डॉलरमध्ये, हाँगकाँगमध्ये चित्रित झालेल्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत एक कोटी दहा लाखांहून अधिक डॉलर मिळवले आणि ज्याँ-क्लोद व्हॅन डॅम हा बेल्जियन तरुण तारा झाला. निर्मितीसंस्था होती मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस या चुलत भावंडांची ‘कॅनन’. स्वस्तात चित्रपट काढण्यात तिचा हात धरणारे थोडेच होते.

गुप्त स्पर्धेची कथा कमी पैशांत काम करणाऱ्याला का सोयीची पडते, हे समजण्यासारखे आहे. कथानक बांधायला वेगळे कष्ट नाहीत. पहिली फेरी, उपांत्य फेरी, अंतिम लढत हीच त्याची चौकट. नेपथ्य एकच. स्पर्धा बेकायदा असल्याने ती तळघरात किंवा गोदामात भरते, म्हणून भोवती अंधार ठेवला तरी चालतो आणि त्या अंधारात पन्नास माणसांचे पाचशे भासवता येतात. मोटारी उडवायला नकोत, महागडे नट नकोत. लाथ उंच जाणारा एखादा कराटेपटू मिळाला की झाले. तीच लाथ संथ गतीत, तीन कोनांतून दाखवली की तीन लाथांचे काम होते.

‘ब्लडस्पोर्ट’मध्ये पिंजरा नाही, लढती उघड्या मंचावर होतात. पिंजरा आला तो १९८९च्या ‘केज’मध्ये. व्हिएतनाम युद्धात मित्राला वाचवताना डोक्याला इजा झालेला, लहान मुलासारखा झालेला एक धिप्पाड सैनिक त्यात गुन्हेगारांच्या पिंजऱ्यातल्या झुंजींत ओढला जातो. ही भूमिका लू फेरिग्नो यांची. इथे पिंजऱ्याचा अर्थ सरळ आहे: आत गेलेल्याला बाहेर पडता येऊ नये.

चार वर्षांनी खरा पिंजरा उभा राहिला. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर शहरात ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ची पहिली स्पर्धा झाली. आठ लढवय्ये, एकच रात्र, वजनगट नाहीत. आयोजकांत ब्राझीलच्या ग्रेसी घराण्यातले रोरियन ग्रेसी आणि जाहिरात क्षेत्रातले आर्ट डेव्ही होते. सल्लागार म्हणून चित्रपट दिग्दर्शक जॉन मिलियस होते. मात्र अष्टकोनी जाळीमागचा विचार चित्रपटाच्या नेमका उलटा होता. ब्राझीलमधल्या अशा लढतींत झटापट करणारे दोघे दोरांमधून रिंगणाबाहेर पडत. जाळी हवी होती ती त्यांना कोंडण्यासाठी नव्हे, पडू न देण्यासाठी.

त्या रात्री जिंकला ऐंशी किलोच्या आसपास वजनाचा, दिसायला साधा रॉइस ग्रेसी. त्याच्या तिन्ही लढती मिळून जेमतेम पाच मिनिटे चालल्या. उंच उडून मारलेली लाथ त्यात नव्हती. प्रतिस्पर्ध्याला बिलगायचे, जमिनीवर आणायचे, अंगावर ताबा मिळवायचा आणि गळ्याभोवती हाताचा वेढा घालून हार कबूल करून घ्यायची. खासबागेच्या मैदानात बसून कुस्ती पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटले नसते. पकडीपुढे नुसता ठोसा फार वेळ टिकत नाही, हे तालमीतल्या पोरालाही ठाऊक असते. कराटेपटांवर वाढलेल्या प्रेक्षकाला मात्र तो धक्का होता.

मग त्या खेळावर टीका झाली. सिनेटर जॉन मॅककेन यांनी त्याला माणसांची कोंबडझुंज म्हटले, अनेक राज्यांनी बंदी घातली. खेळ वाचला तो गुप्त राहून नव्हे, नियम स्वीकारून: हातमोजे, वजनगट, ठरलेल्या फेऱ्या, निषिद्ध माऱ्यांची यादी. २००१ साली ही स्पर्धा विकली गेली ती वीस लाख डॉलरना. साधारण तेवढ्याच पैशांत ‘ब्लडस्पोर्ट’ तयार झाला होता.

चित्रपटांनीही हा धडा आपल्या परीने गिरवला. आयझॅक फ्लोरेंटाइन यांच्या ‘अनडिस्प्युटेड २’ (२००६) या थेट डीव्हीडीवर आलेल्या तुरुंगपटात स्कॉट ॲडकिन्सचा बोयका हवेत गिरक्या घेत लाथा मारतो. पण शेवटी हरतो तो पायाला घातलेल्या पकडीने. तिथेही झुंज मात्र कैद्यांचीच, पैजा लावणारे गुंडच आणि सुटकेची वाट बंदच.

असे चित्रपट पाहण्यात गैर काही नाही. फसवणूक लाथांमध्ये नसते. लाथ खोटी आहे हे आपण मान्य करूनच बसतो. फसवणूक असते ती ‘हे सगळे खरे घडले’ या शेवटच्या ओळींत. नियम नसले म्हणजेच लढत खरी, हा समज त्या ओळी पक्का करतात. प्रत्यक्षात लढत खरी ठरते ती हरणाऱ्याने जमिनीवर हाताने थोपटले की पंच लगेच मध्ये पडतो म्हणून. हरलेला माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा सरावाला येऊ शकला पाहिजे. पिंजरा त्यासाठी आहे.