दोन दिव्यांची साक्ष

यंत्राला रुसवे-फुगवे नसतात असे म्हणतात. पण आमच्या भावोजींच्या ट्रकला ते चांगलेच येत असत! गॅरेजमध्ये नेला की शहाण्या मुलासारखा चालावयाचा, आणि माल भरून कसारा घाट चढू लागला की एकाएकी गप्प. दहा मिनिटे थांबून किल्ली फिरवावी, की पुन्हा सुरू!

ही हकीकत २००६ सालची. लासलगावचा कांदा मुंबईस न्यावयाचा आणि येताना किराणा माल आणावयाचा, हा त्या एकुलत्या एका ट्रकचा धंदा. फिल्टर बदलला, पंप खोलून झाला, दोष कायम. अखेर कुणीतरी भावोजींच्या कानात घातले की, ड्रायव्हर डिझेल विकून भेसळ करतो. अकरा वर्षे इमानाने गाडी हाकणारा तो पन्नाशीचा गृहस्थ! दिवाळी झाली की त्याला नारळ द्यावयाचा, असे ठरलेही. ताई मला हळूच म्हणाली, "शाळेत विज्ञान शिकवतोस ना? मग बघ तरी एकदा."

मी ड्रायव्हरला विचारले, "काका, बंद पडताना इंजिन आचके देते का?"

"नाही गुरुजी. बटण दाबून दिवा घालवावा, तसे एकदम बंद."

मला तेथेच शंका आली. डिझेल कमी पडले तर इंजिन बहुधा आधी अडखळते. वाचक म्हणतील, डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, मग विजेचा संबंध कोठे आला? तो असा: या ट्रकच्या पंपावर सोलेनॉइड, म्हणजे एक लहानसे विद्युतचुंबक होते. किल्ली चालू असेतो ते डिझेलची वाट उघडी धरते. वीज तुटली की स्प्रिंग ती वाट बंद करते.

वायरमनने तार सोडवून मीटर लावला होता, आणि पुरे १२ व्होल्ट आले होते. फसगत होते ती येथेच! मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही. तारेतला एखादा तंतू शाबूत असला तरी तो १२ व्होल्ट दाखवितो. दोष पकडावयाचा तो चालत्या गाडीतच.

मी दोन लहान बल्ब घेतले. एक सोलेनॉइडच्या टोकाला आणि दुसरा त्याच तारेच्या आरंभी, फ्यूजच्या पुढे जोडला. दोघांची दुसरी तार थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नेली आणि दोन्ही बल्ब ड्रायव्हरसमोर बसविले. दोन्ही जळत असता इंजिन थांबले, तर पंपापर्यंत वीज येते आहे. दोन्ही विझले, तर किल्ली किंवा फ्यूज पाहावा. पंपाकडचा एकटाच विझला, तर दोष मधल्या तारेत.

पुढच्या खेपेस भावोजींनाही आग्रहाने बरोबर घेतले. घाटातल्या तिसऱ्या वळणावर पंपाकडचा दिवा विझला आणि त्याच क्षणी इंजिन बंद! स्टिअरिंग जड झाले. ब्रेकच्या टाकीत नवी हवा भरेना. काकांनी उरल्या हवेवर गाडी शिताफीने कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि चाकामागे दगड लावला. भावोजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. दुसरा दिवा मात्र शांतपणे तेवत होता.

नाशिकला येताच ती तार हातांनी ओढून पाहिली. केबिन उचलताना ती जेथे वाकत असे, तेथे रबरासारखी ताणली गेली. वरचे आवरण धड. आत तांब्याचे तंतू तुटलेले, हिरवे पडलेले. धक्क्याने ते सुटत आणि गाडी थांबली की पुन्हा टेकत. नवी तार थोडी सैल ठेवून बसविली. खर्च चहापाण्याइतका!

भाऊबिजेला मी ताईकडे गेलो, तेव्हा काका सहकुटुंब फराळाला बसले होते. भावोजी स्वतः वाढीत होते. "काका, माझे चुकले," एवढेच म्हणाले, आणि त्यांच्या पानात आणखी एक अनारसा वाढला.