लम्पी आणि लशीची धास्ती

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी त्वचारोग आढळला आणि सप्टेंबरात राज्यभर जनावरांचे बाजार, वाहतूक व शर्यतींवर बंदी आली. बेल्ह्याचा सोमवारचा बैलबाजार आणि थापलिंगसारखे यात्रेतले बैलगाडा शर्यतीचे घाट ज्यांच्या जगण्याचा भाग, त्या जुन्नर-आंबेगावला ही बंदी जड गेली. या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाची परवानगी डिसेंबर २०२१ मध्येच मिळाली होती आणि वर्षभराच्या आत त्या पुन्हा थांबल्या.

लम्पीपासून बचावाला लस आहे, पण ‘लस टोचली की दूध आटतं,’ ही गोठ्यावरची नेहमीची शंका. ती अगदीच निराधार नाही. काही गाईंना एक-दोन दिवस कसर येते, दूध थोडं घटतं. पण लम्पी झालेली गाय चारा सोडते, पाय सुजतात, गाभण असेल तर गाभडते आणि दुधाला कित्येक आठवडे सावरत नाही. लशीचं पुरेसं संरक्षण मिळायला साधारण तीन आठवडे लागतात. शेजारच्या गोठ्यात गाठी दिसल्यावर केलेली धावपळ म्हणूनच उशिराची ठरते.

हा विषाणू चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड पसरवतात. कडुनिंबाचा धूर माश्या हटवतो, लशीची जागा घेत नाही. गोठ्यात मूत साचू देऊ नका, उकिरडा लांब ठेवा. बाजारातून आणलेलं जनावर २८ दिवस वेगळं बांधा, त्याची धार शेवटी काढा.

ताप, डोळ्यांतून पाणी, अंगावर गाठी दिसताच १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा.