वारा आडवा, धावपट्टी सरळ

पावसाळ्यात भरलेल्या नदीतून नावाडी होडी कशी नेतो, ते तुम्ही पाहिले आहे काय? समोरच्या घाटाकडे तो होडीचे नाक रोखत नाही. प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूला नाक तिरके धरून तो वल्ही मारतो, आणि होडी नेमकी घाटाला लागते. सापेक्ष वेगाचे हेच गणित बारामतीच्या किंवा गोंदियाच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या शिकाऊ वैमानिकाला काही सेकंदांत, आणि तेही हातापायांनी सोडवावे लागते.

उतरताना वारा समोरून असलेला बरा. त्यामुळे विमानाचा जमिनीसापेक्ष वेग कमी होतो. विमानविद्येच्या आरंभीच्या काळात विमानतळ म्हणजे गवताची चौफेर मोकळी मैदाने असत. वारा असेल तिकडे तोंड करून उतरता येई. पक्की धावपट्टी आली आणि ही सोय गेली.

एक उदाहरण घेऊ. धावपट्टी 270 अंशांच्या, म्हणजे पश्चिमेच्या दिशेने आहे. वारा 300 अंशांकडून, म्हणजे उजवीकडून तिरका, 20 नॉट वेगाने येत आहे. दोहोंतील कोन 30 अंश. म्हणून वाऱ्याच्या वेगाचा समोरचा घटक सुमारे 17 नॉट आणि आडवा घटक 10 नॉट. 10 नॉट म्हणजे सेकंदाला जवळजवळ 5 मीटर! पट्टी 30 मीटर रुंद असेल, तर नाक सरळ ठेवून येणारे विमान मध्यरेषेवरून तीनच सेकंदांत कडेला जाईल.

उपाय नावाड्याचाच. हवेत 60 नॉट वेग असलेल्या विमानाचे नाक वाऱ्याकडे सुमारे साडेनऊ अंश वळवावे. (ज्या कोनाची साइन 10/60, तो हा कोन. पडताळून पाहा.) हिला वैमानिक खेकड्याची चाल म्हणतात. पण होडीला चाके नसतात, विमानाला असतात. ह्याच स्थितीत विमान टेकले, तर चाकांचे तोंड एकीकडे आणि विमानाची गती दुसरीकडे, असे होऊन चाकांच्या दांड्यांवर आडवा ताण येतो.

म्हणून टेकण्यापूर्वी डाव्या पायाने सुकाणू दाबून नाक पट्टीच्या रेषेत आणायचे, आणि त्याच वेळी हाताने उजवा पंख खाली झुकवायचा. पंख कलला की उत्थापक बलही कलते, आणि त्याचा आडवा घटक विमानाला वाऱ्याकडे रेटतो. वारा जितका ढकलतो तितकेच विमान त्याच्याकडे सरकते. आधी उजवे चाक टेकते, मग डावे, शेवटी नाकाचे. एका चाकावर उतरणे नवशिक्याला चुकीचे वाटते. दोन्ही पंख समपातळीत आणण्याचा मोह त्याला होतो. तसे केले की विमान पुन्हा वाहू लागते.

भरीला जमिनीजवळ घर्षणामुळे वारा मंदावतो. तेव्हा वर बेतलेला कोन खाली उपयोगी पडत नाही, तो क्षणाक्षणाला बदलावा लागतो. माझ्या मते शिकण्यातला खरा अवघड भाग हाच.

चाके टेकली म्हणजे काम संपले, असेही नाही. शेपटीच्या उभ्या पंखावर वारा आदळतो आणि नाक वाऱ्याकडे वळू पाहते. वेग निम्मा झाला की नियंत्रक पृष्ठांवरील बल चौथाई होते. म्हणून वेग घटेल तसतसे नियंत्रण सैल न सोडता उलट वाढवत न्यावे लागते.

अमेरिकेच्या बी-52 ह्या अवाढव्य बाँबफेकी विमानाची चाकेच 20 अंशांपर्यंत वळवता येतात. ते तिरके राहूनच उतरते. शिकाऊ विमानाला ही चैन नाही. सेस्ना 172 च्या माहितीपुस्तिकेत 15 नॉट आडव्या वाऱ्याचा आकडा आहे. पण तो चाचणी वैमानिकाने करून दाखवलेला. एकट्याने उडणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक त्याहून कमी मर्यादा घालून देतात.

आणि जमत नसेल तर? 1 मार्च 2008 रोजी जर्मनीत हँबुर्ग येथे वादळात उतरणाऱ्या एअरबस ए-320 च्या डाव्या पंखाचे टोक धावपट्टीला घासले. विमानात 132 प्रवासी होते. वैमानिकांनी उतरण्याचा हट्ट सोडला, इंजिनांची शक्ती वाढवून विमान पुन्हा वर नेले, आणि वाऱ्याच्या दिशेशी अधिक जुळणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीवर ते सुखरूप उतरवले.