क्ष-किरणांची बातमी आणि लोकांचे उद्गार

शास्त्रीय शोधाची बातमी वर्तमानपत्रांत आली कीं तिच्यावर दोन शब्द बोलल्यावांचून आपणां कोणासच राहवत नाहीं. एक म्हणतो, 'हें सारें थोतांड आहे'. दुसरा म्हणतो, 'आतां जगबुडी जवळ आली'. तिसरा विचारतो, 'ह्यानें धान्य स्वस्त होणार आहे काय?' अथेनै नगरांत पौलाला भेटलेल्या मंडळीसही नवलाईची अशीच गोडी होती; तेव्हां ही खोड आजची नव्हे, आणि तींत मोठेंसें पापही नाहीं. परंतु असे सहज काढलेले उद्गार शोधाच्या मर्मावर न पडतां बहुधा भलतीकडेच पडतात, आणि त्या गलबल्यांत जें ऐकावयास पाहिजे तें ऐकूं येत नाहीं. क्ष-किरणांच्या बाबतींत नेमकें असेंच झालें.

जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें विल्हेल्म राँटजेन हे पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. ता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं सायंकाळीं, अंधाऱ्या खोलींत, बहुतेक हवा काढून टाकलेल्या कांचेच्या नळींतून ते विजेचा प्रवाह सोडीत होते. नळी काळ्या पुठ्ठ्यानें पूर्णपणें झांकलेली होती. तरीही कांहीं अंतरावरचा, बेरियमच्या एका क्षाराचा लेप दिलेला पडदा चमकूं लागला. पुठ्ठ्याच्या पार जाणारें हें काय असावें, याचा त्यांनीं कित्येक आठवडे एकांतांत शोध केला. ता. २२ डिसेंबर रोजीं त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताची छाया फोटोच्या कांचेवर घेतली. बोटांचीं हाडें व बोटांतील आंगठी स्पष्ट उमटली. किरणांचें स्वरूप अज्ञात, म्हणून त्यांस बीजगणितांतील अज्ञात राशीचें नांव दिलें. आपल्या बीजगणितांत ती राशि 'क्ष' असल्यामुळें मराठींत ते क्ष-किरण झाले. ता. २८ डिसेंबरला निबंध सादर झाला, आणि ता. ५ जानेवारी १८९६ रोजीं व्हिएन्ना येथील एका दैनिकानें बातमी छापली. पुढें थोड्याच दिवसांत ती जगभर पसरली.

आतां लोक काय बोलले तें पाहा. लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकानें त्याच महिन्यांत थट्टेच्या कविता छापल्या. आतां भिंतीआडचें व वस्त्राआडचें सर्व कांहीं परक्यास दिसणार, या धास्तीनें सभ्य मंडळी अस्वस्थ झाली. आणि ज्यांतून हे किरण जाणार नाहींत अशीं अंतर्वस्त्रें आपल्याकडे मिळतात, अशी जाहिरातही लंडनमध्यें झाली. दुकानदार कोणत्याही काळांत झोपलेला नसतो!

ही भीति निराधार होती, व ती कां, हें समजण्यास फार विद्वत्ता नको होती. क्ष-किरण डोळ्यांस दिसत नाहींत. सूर्यप्रकाश वस्तूवरून परतून डोळ्यांत शिरतो, तसे हे परतून येऊन चित्र काढीत नाहींत. साध्या भिंगानें ते वळतही नाहींत. तें चित्र म्हणजे केवळ छाया असते. हाडांत चुना असल्यामुळें तीं मांसापेक्षां अधिक किरण अडवितात, इतकेंच. ही छाया पडावयास एका बाजूस नळी, दुसऱ्या बाजूस कांच अथवा पडदा, आणि मध्यें माणूस, अशी योजना लागते. त्या काळीं तर माणसास पुष्कळ वेळ निश्चल बसावें लागे. दुर्बिणींतून चोरून पाहणाऱ्यास हें कसें साधावें?

आशाही तितकीच भोळी. जिवंत माणसाच्या मेंदूचें चित्र घेण्याचा उद्योग अमेरिकेंत एडिसन यांनीं १८९६ च्या आरंभीं केला, आणि बातमीदार त्याची वाट पाहत राहिले. परंतु भोंवतीं कवटीचें हाड, आणि आंतील मेंदूचा गोळा बहुतेक सारख्याच घनतेचा. तेव्हां छायेंत दिसणार काय? उद्योग फसला. खरा उपयोग मात्र लवकरच झाला. १८९७-९८ सालीं वायव्य सरहद्दीवरील तिराहच्या मोहिमेंत सर्जन-मेजर बीव्हर यांनीं हें यंत्र नेऊन जखमी शिपायांच्या अंगांतील गोळ्या शोधून काढल्या.

या सर्व गोंगाटांत एक लहानशी बातमी मागें पडली. टेनेसी संस्थानांतील व्हँडरबिल्ट विद्यापीठांत १८९६ सालीं डडली नांवाच्या प्राध्यापकांनीं प्रयोगासाठीं स्वतःच्या डोक्यावर क्ष-किरण घेतले. लगेच कांहींच झालें नाहीं. एकवीस दिवसांनीं मात्र नळीसमोर असलेल्या जागेवरचे केस गळून पडले. त्यांचे सहकारी डॅनियल यांनीं ही हकीकत छापून प्रसिद्ध केली.

यावर लोकांनीं काय म्हणावें? नको असलेले केस काढण्याचा हा सोपा उपाय सांपडला, असें पुष्कळांस वाटलें! १९२० नंतर अमेरिकेंत त्यासाठीं दुकानें निघालीं, स्त्रिया तेथें पैसे देऊन किरण घेऊं लागल्या, आणि पुढें कित्येकींच्या त्वचेवर व्रण व कर्करोग उद्भवले. वास्तविक त्या एकवीस दिवसांतच सारें मर्म होतें. हे किरण पेशींच्या आंतील नाजूक रचना मोडतात. मोडलेली पेशी कांहीं काळ तशीच तग धरते. तिचें विभाजन होण्याची वेळ आली म्हणजे हानि उघडकीस येते. केसांच्या मुळांशीं व त्वचेंत हें विभाजन सतत चालतें, म्हणून तेथें परिणाम आधीं दिसतो. कर्करोगास तर वर्षानुवर्षें लागतात. चटका आज बसतो आणि फोड महिन्यानें येतो, तेव्हां कारण व कार्य यांची सांगड घालावी कोणीं? कोणी विजेच्या ठिणग्यांस दोष देई, कोणी रोग्याच्या प्रकृतीस. एलिहू टॉमसन या शास्त्रज्ञांनीं त्याच वर्षीं आपली डाव्या हाताची करंगळी जाणूनबुजून किरणांत धरून ती भाजल्याचें दाखविलें. तथापि सर्वांनीं तें मनावर घेतलें नाहीं.

एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे नळ्यांची परीक्षा स्वतःचा हात मध्यें धरून करीत. प्रथम कातडी भाजली, मग व्रण झाले, मग कर्करोग. दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ सालीं, वयाच्या चाळिशीच्या आंतच, त्यांस मरण आलें. एडिसन यांनीं हें काम भयानें सोडून दिलें. इतकें होऊनही १९२० नंतर अमेरिकेंत व इंग्लंडांत जोड्यांच्या दुकानांतून पायांचीं हाडें दाखविणारीं यंत्रें आलीं, आणि मुलें नव्या बुटांत आपलीं बोटें हलतांना पाहून खिदळत राहिलीं. तीं यंत्रें बंद व्हावयास आणखी तीसेक वर्षें लागलीं. हॅम्बुर्ग शहरांतील एका रुग्णालयाच्या आवारांत १९३६ सालीं एक शिला उभारण्यांत आली. या किरणांच्या सेवेंत प्राण गेलेल्या डॉक्टरांचीं, शास्त्रज्ञांचीं व परिचारिकांचीं १६९ नांवें तेव्हां तिच्यावर कोरलीं होतीं. मागाहून त्यांत भर पडत गेली.

क्ष-किरण अडविणाऱ्या ज्या वस्त्राची १८९६ सालीं भलत्याच भीतीनें जाहिरात झाली, तसें वस्त्र पुढें खरोखरच वापरांत आलें. शिशाचें अस्तर असलेला जड अंगरखा आज रुग्णालयांत डॉक्टर व परिचारिका घालतात. तो लज्जारक्षणासाठीं नव्हे, तर त्वचा, रक्त व हाडांतील मगज यांच्या रक्षणासाठीं. छातीचें चित्र काढावयास गेलेला रोगी पुष्कळदां कुरकुरतो कीं, मला एकट्याला उभें करून हा गृहस्थ स्वतः आडोशाला कां पळतो? रोग्यास वर्षांतून एखादे वेळीं, तोही फार थोडा, किरण मिळतो. त्या गृहस्थास आडोसा नसता तर रोज पन्नास जणांबरोबर तो मिळाला असता. त्याच्या छातीवर एक लहानसा बिल्ला असतो. आपल्या देशांत तो बिल्ला दर तीन महिन्यांनीं तपासणीस जातो, आणि त्याच्या शरीरावर किती किरण पडले त्याची नोंद होते.