वाटाणा, नानूक आणि अनारसा

दादासाहेब फाळक्यांचे नाव निघाले की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. पण १९१३ साली तो पडद्यावर येण्यापूर्वी दादासाहेबांनी एक चिमुकला पट तयार केला होता. त्याचा नायक कोण, ठाऊक आहे? कुंडीत पेरलेला एक वाटाणा! रोज कॅमेऱ्यापुढे त्याचे थोडे थोडे चित्र घ्यायचे, असा क्रम त्यांनी महिनाभराहून अधिक काळ चालवला. पडद्यावर मात्र बघता बघता अंकुर फुटला, कोंब वर आला आणि वेल डोलू लागला. हा पट दाखवूनच त्यांनी पुढच्या चित्रपटासाठी भांडवल देणाऱ्यांचा विश्वास मिळवला.

गंमत पाहा. वाटाणा खरा, कुंडी खरी, वाढही खरी. तरी डोळ्यांनी कोणालाही न दिसणारी गोष्ट दादासाहेबांनी दाखवली. तीही काही न रचता, केवळ काय घ्यायचे आणि काय गाळायचे एवढे ठरवून! अनुबोधपटाची सारी विद्या या एका वाटाण्यात आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

अनुबोधपट म्हणा, माहितीपट म्हणा, त्याच्याबद्दल आपल्याकडे एक गैरसमज फार जुना आहे. १९४८ साली सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले. त्याचे पट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे चित्रगृहांना पुढे कितीतरी वर्षे बंधनकारक होते. धरणे, खते, लसी, पुढाऱ्यांचे दौरे! ‘ते संपेपर्यंत एक चहा होईल’ म्हणून बाहेर रेंगाळणारे प्रेक्षक वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असतील. अनुबोधपट म्हणजे औषधाचा काढा, ही समजूत तेव्हा पडली.

पण त्याच संस्थेत एस. एन. एस. शास्त्री नावाचा दिग्दर्शक होता. १९६७ साली स्वातंत्र्याला वीस वर्षे झाली. त्याने काय करावे? प्रगतीचे आकडे बाजूला ठेवले आणि १९४७ साली जन्मलेल्या तरुण-तरुणींना कॅमेऱ्यापुढे बोलते केले. कोणी उमेदीने बोलला, कोणी कडवट झाला, कोणी हसण्यावारी नेले. ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ हा पट आजही ताजा वाटतो. विषय तोच, देशाचा हालहवाल. पण सांगायला माणूस सापडला आणि अहवालाची गोष्ट झाली.

माणूस सापडला की मात्र खरी परीक्षा सुरू होते. ही परीक्षा समजून घ्यायची तर रॉबर्ट फ्लाहर्टीची हकीगत ऐकलीच पाहिजे.

हा अमेरिकन गृहस्थ मूळचा खनिजांच्या शोधात कॅनडाच्या उत्तरेस भटकणारा. तिथल्या इन्युइट लोकांचे त्याने पुष्कळ चित्रीकरण केले. १९१६ साली टोरांटोत त्याच्या सिगारेटची ठिणगी पडली आणि सुमारे ३० हजार फूट फिल्म जळून गेली! दुसरा कोणी डोक्याला हात लावून बसला असता. फ्लाहर्टीने विचार केला, की आपल्या पटात देखावे होते, गोष्ट नव्हती. तो पुन्हा गेला आणि या वेळी एकच शिकारी व त्याचे कुटुंब निवडले. १९२२ साली ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ प्रदर्शित झाला आणि जगभर गाजला.

आता पडद्यामागचे ऐका. नानूकचे खरे नाव अल्लाकारियालाक. पडद्यावर त्याची पत्नी म्हणून दिसणारी बाई त्याची पत्नी नव्हे. बर्फाच्या घरात उजेड पुरेना, म्हणून एका बाजूने उघडे असे अर्धे घर बांधून घेतले. बंदुकी हाती आलेल्या माणसांकडून भाल्याने शिकार करवली. ग्रामोफोनची तबकडी नानूक चावून पाहतो, तोही ठरवलेला विनोद. पट प्रदर्शित झाल्यावर दोनेक वर्षांतच तो शिकारी वारला. तो भुकेने मेला, असे फ्लाहर्टी सांगत असे. मागाहूनच्या अभ्यासकांच्या मते मात्र तो बहुधा क्षयाने गेला. म्हणजे बिचाऱ्याच्या मरणाचीसुद्धा ‘गोष्ट’ झाली!

मग फ्लाहर्टी लबाड होता काय? इतका सोपा निकाल देता येणार नाही. त्याने त्या लोकांना बरोबर घेऊन काम केले, चित्रित केलेला भाग तिथेच धुऊन त्यांना दाखवला आणि त्यांच्या आजोबांच्या वेळची शिकार त्यांच्याच मदतीने पुन्हा उभी केली. चूक एवढीच, की हा कालचा देखावा आहे, हे त्याने प्रेक्षकांना सांगितले नाही. मांडणी करणे हा गुन्हा नव्हे. मांडणी लपवणे हा आहे.

दुसरा धडा लंडनचा. १९३५ साली एल्टन आणि अ‍ॅन्स्टी या दोघांनी ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा पट केला. कॅमेरा थेट गरिबांच्या खोल्यांत नेला. उंदीर, ढेकूण, कोसळणारे जिने यांबद्दल रहिवासी स्वतःच्या तोंडाने बोलले. हल्ली दूरचित्रवाणीवर जिकडे तिकडे मुलाखती दिसतात. तेव्हा ही क्रांती होती. मात्र खर्च केला होता गॅस कंपन्यांच्या संघटनेने. नव्या घरांत गॅसची शेगडी जावी, हा तिचा हेतू! रहिवाशांचे दुःख खोटे नव्हते. पण पट पाहताना ‘पैसा कोणाचा?’ हा प्रश्न विचारावा, तो यासाठी.

पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था निघाली आणि १९७४ साली दूरचित्रवाणीचा विभागही दिल्लीहून तिथे आला. कॅमेरा, ध्वनिलेखन, संकलन ही अंगे तिथे शिकता येतात. संकलनाच्या टेबलावर एक गोष्ट लवकर कळते. त्याच चेहऱ्यानंतर जेवणाचे ताट जोडले तर माणूस भुकेला वाटतो. तिरडी जोडली तर शोकाकुल. चेहरा तोच! एवढे सामर्थ्य ज्या कात्रीत आहे, ती हाती घेणाऱ्याला कसबाइतकीच सचोटी हवी. समोरच्या माणसाने आपला चेहरा आणि शब्द विश्वासाने आपल्या हवाली केलेले असतात.

हे शिकायला पुण्यालाच गेले पाहिजे असे नाही. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. पुढल्या दिवाळीत आजीचे अनारसे चित्रित करा. तांदूळ तीन दिवस भिजतात; त्यातले कोणते क्षण घ्याल? आधी कॅमेरा न काढता तिच्याजवळ नुसते बसा आणि ती काय सांगते ते ऐका. मग हात घ्या, चेहरा घ्या, तुपाचा आवाज घ्या. निवेदन सर्वांत शेवटी, तेही चित्र जे सांगत नाही तेवढेच.

आणि एखादा अनारसा तुपात हसला, तर? तो तुकडा कापून टाकावासा वाटेल. पण कदाचित गोष्ट तिथेच असेल. तुपात विरघळलेल्या त्या अनारशाकडे पाहून आजी काय म्हणाली, कोणाची आठवण काढली, हे पन्नास वर्षांनी तुमच्या नातवंडांना पाहावेसे वाटेल.

मात्र चारचौघांना दाखवण्याआधी एक करा. तो पट पहिल्यांदा आजीला दाखवा. ती ‘हे नको रे’ म्हणाली, तर कात्री तिथे चालवा. फ्लाहर्टीपासून आजपर्यंतच्या शंभर वर्षांनी या धंद्याला शिकवलेला धडा तोच आहे: गोष्ट तुम्ही सांगता, पण ती असते दुसऱ्याची.