लिलावानंतरचे साठ दिवस

सावकाराच्या दरखास्तीत जमिनीची बोली झाली, की माणसे ‘आता संपलं’ म्हणत माझ्याकडे येतात. संपलेले नसते. दिवाणी कोर्टाच्या लिलावाविरुद्ध अर्ज करायला लिलावाच्या तारखेपासून ६० दिवस असतात. ते गेले, की कोर्ट विक्री कायम करते.

सगळी कळ १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील २१ व्या आदेशात आहे. नियम ८९ सोपा. जाहीरनाम्यातली देण्याची रक्कम आणि खरेदीदारासाठी खरेदी रकमेच्या ५ टक्के कोर्टात भरा, विक्री रद्द. पण पैसे असते तर लिलाव कशाला झाला असता? आपल्या माणसाचा रस्ता नियम ९०. तिथे जाहिरातीत किंवा लिलावात मोठी अनियमितता वा लबाडी झाली आणि तिच्यामुळेच भारी नुकसान झाले, हे दोन्ही शाबीत करावे लागते. नुसता ‘भाव कमी आला’ हा आक्रोश पुरत नाही. दवंडी खरेच पिटली, की बेलिफाने चहाच्या हॉटेलात बसून पंचनामा लिहिला? (हलगीवाला बहुधा आपल्याच वस्तीतला, त्यालाच साक्षीला उभे करा.) मात्र जी हरकत जाहीरनामा तयार होईपर्यंत घेता आली असती, ती नंतर चालत नाही. म्हणून नोटीस आली की घाबरून घरी बसू नये, कोर्टात हजर व्हावे.

मला सर्वांत मोलाचा वाटतो नियम ६४. देणे फिटेल एवढीच जमीन विकायची, जास्त नाही. आंध्रातल्या एका प्रकरणात दोन-अडीच हजारांच्या वसुलीसाठी दहा एकर विकले गेले. तुकडा विकून भागते का, हे खालच्या कोर्टाने पाहिलेच नव्हते. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती विक्री मोडली. आपल्याकडे मात्र अख्खा गट नंबर लिलावात जातो आणि वकीलही गप्प राहतो!

महार वतनाची जमीन असेल तर सातबारा नीट वाचा. १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्याने परत मिळालेली जमीन नव्या शर्तीची असते. कलेक्टरच्या मंजुरीशिवाय तिचे हस्तांतर होत नाही. ही शर्त नोटीस येताच लेखी मांडावी. आदिवासींसाठी महसूल संहितेचे कलम ३६-अ अधिक स्पष्ट आहे: बिगर-आदिवासीकडे जमीन जाण्यावरच्या बंदीत कोर्टाच्या हुकूमनाम्याखालची विक्रीही धरली आहे.

अर्ज लिहिण्यापूर्वी दरखास्तीच्या रोजनाम्याची नक्कल काढा. नोटीस कोणाच्या हाती दिली, अंगठा कोणाचा, हे त्या बजावणीच्या कागदावर सापडते.